हवालदार नळ सोडतात

योगेंद्र थूल चोवीस वर्षं फौजेच्या इंजिनिअर तुकडीत होते. बर्फाखाली गेलेले रस्ते मोकळे करायचे, ओढ्यावर काही तासांत लोखंडी पूल उभा करायचा, अशी कामं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते अल्लीपूरच्या पलीकडे जामधरा या आपल्या गावी परतले, तेव्हा वय होतं पंचेचाळीस आणि दिवसभर करायला काही नव्हतं.

साडेचारला डोळे उघडत. पाचला गावाभोवती दोन फेऱ्या होत. सहाच्या आत अंगण झाडून, मोटारसायकल पुसून, चहा पिऊन झालेला असे, आणि पुढे अख्खा दिवस तसाच पडलेला. मग ते घराला शिस्त लावायला घेत. भांड्यांच्या जागा बदलल्या. डब्यांवर नावं चिकटवली. एका सकाळी हर्षाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तिखटाचा डबाच सापडेना.

"अहो, हे घर हाय, बराक नाई," त्या म्हणाल्या. "वीस वर्सं मी एकटीनं चालवलं ना? आता तुमी बाहेर काईतरी काम पाहा. नाई तं मले येड लागन."

त्यांनी काम पाहिलं. वर्ध्याला नालवाडीकडे एका बँकेच्या दारात स्टुलावर बसायची नोकरी मिळाली. दोन महिन्यांत सोडली. बसवत नव्हतं.

२०२२ साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि गावातली चार माणसं म्हणाली, हवालदारसाहेब, तुम्ही सरपंचाला उभे राहा. योगेंद्ररावांना तेच हवं होतं. चौकात सभा घेतली. छाती काढून, कवायतीच्या आवाजात बोलले. गावाला नळाचं पाणी नऊ वाजता सुटतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पाणी सोडणारे बापूराव समोरच उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही काय ड्युटी झाली? मी निवडून आलो तं पाणी आठले म्हणजे आठले सुटन!"

टाळ्या पडल्या. मतं मात्र एकोणीस कमी पडली.

तीन दिवस ते घराबाहेर पडले ते फक्त पहाटे. पहाटेच्या दोन फेऱ्यांच्या पाच झाल्या. चौथ्या दिवशी ते घरोघर जायला लागले. मत का दिलं नाही, एवढंच विचारायला. कोणी चहा दिला, कोणी विषय बदलला, एकानं दार लावून घेतलं. कमलाबाईंनी मात्र ओसरीवर बसवलं. त्या मजुरीला जाणाऱ्या, साठीच्या बाई.

"मले सांग बाबू, तू आमाले काई विचारलं का? नुसतं सांगतच राह्यला," त्या म्हणाल्या. "आमी बाया कापूस वेचाले सातले निंगतो. तू म्हने पाणी आठले सोडीन. आठले सोडून आमाले काय फायदा? आन् त्या बापूरावले चारचौघांत काऊन बोलला? त्याचे गुडघे पाह्यले का?"

योगेंद्ररावांनी पाहिले नव्हते. तिथून उठून ते सरळ बापूरावांच्या घरी गेले. बापूराव बाजेवर गुडघ्याला तेल चोळत होते. दोन्ही गुडघे सुजलेले. टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी तिथवर पोचायलाच त्यांना पाऊण तास लागे.

"माही चूक झाली काका," योगेंद्रराव म्हणाले. "आता मले व्हॉल सोडाले शिकवा."

"काऊन? नोकरी घेता का माही?"

"नोकरी तुमचीच. मी साडेचारले उठून नुसता हिंडत राह्यतो. तेवढं काम तं करू द्या."

बापूरावांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग काठी शोधायला लागले.

टाकीखाली चार व्हॉल्व्ह होते, गावातल्या चार पुऱ्यांचे, म्हणजे वस्त्यांचे. "खालच्या पुऱ्याचा हळू खोलजा," बापूराव म्हणाले. "पाइप जुना हाय. चावीले कान लावा. आवाज बसला का मंगच पुढं फिरवा."

योगेंद्ररावांना हळू काही जमत नसे. चौथ्याच दिवशी त्यांनी झटक्यात चावी फिरवली आणि खालच्या पुऱ्यात पाइप फुटला. तोच त्यांचा स्वतःचा पुरा, बौद्धांची वस्ती. दोन दिवस तिथे थेंब नव्हता. त्यांची वहिनी शकुंतलाबाई रिकामी घागर घेऊन दारात आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. योगेंद्ररावांनी मान खाली घालून खड्डा खणला, पाइप जोडला.

मग भांडण लागलं ते नंबराचं. पाणी आता बाया कामाला निघायच्या आत, पावणेसहाला सुटत होतं, पण आधी कोणत्या पुऱ्याला? त्यांनी वेळापत्रक आखून पंचायतीच्या भिंतीवर लावलं. दुपारपर्यंत ते कोणीतरी फाडलं. नवीन लावलं, तेही गेलं. ते घरात येरझारा घालायला लागले.

"ज्यायले पाणी भरा लागते, त्यायलेच विचारा ना," हर्षाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी चारी पुऱ्यांच्या बाया जमल्या. तासभर आरडाओरडा झाला. योगेंद्रराव खांबाला टेकून उभे होते. तीन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि तीनही वेळा मिटलं. शेवटी बायांनीच ठरवलं: खालचा पुरा शेवटच्या टोकाला, म्हणून त्याला आधी, बाकीच्या तिघांनी आठवड्यानं नंबर बदलायचा. ते वेळापत्रक भिंतीवर टिकलं.

त्या उन्हाळ्यात बापूरावांना मोटारसायकलवर बसवून ते सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी थांबले, आणि वाट बघताना व्हरांड्यात इतक्या चकरा मारल्या की नर्सनं त्यांना दोनदा बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी खालच्या पुऱ्याचा पंचायत सदस्य नोकरीसाठी नागपूरला गेला आणि जागा रिकामी झाली. या वेळी योगेंद्ररावांनी सभा घेतली नाही. कमलाबाई दुसऱ्या पुऱ्यातल्या, तरी त्या स्वतः फॉर्म भरायला सोबत गेल्या. विरोधात कोणी उभं राहिलं नाही.

पंचायतीच्या बैठकीत अजूनही त्यांना खुर्चीवर धड बसवत नाही. अर्ध्या तासात ते उठून खिडकीशी जातात. नव्या पाइपाच्या अर्जासाठी ते तालुक्याच्या कार्यालयात अकरा वेळा गेले. यंदा मार्चमध्ये पाइप आला, तेव्हा पंधरा दिवस मजुरांबरोबर पाइपासाठी खणलेल्या नालीत उतरले. हर्षाताईंना वाटलं, आता तरी माणूस जरा टेकेल.

पाइप जोडून झाला त्या संध्याकाळी ते घरी आले, पाणी प्यायले, आणि चपला न काढताच म्हणाले, "कमलाबाई म्हणे, स्मशानाच्या रस्त्यावर पावसात तिरडी नेता येत नाई. चाल, पाहून येऊ."

"आता?"

"उजेड हाय अजून."

हर्षाताईंनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि त्या त्यांच्यामागे निघाल्या.