गेरूची खूण

आप्पा मिस्त्री गाडी तपासताना आधी बॉनेट उघडत नसत. ते मालकाला म्हणत, "गाडी पुढं घ्या, मी मागनं येतो." मग मालक माणसाच्या चालीनं गाडी चालवायचा आणि आप्पा चपला काढून, हात पाठीमागे बांधून तिच्या मागून चालायचे. शिरूरच्या एसटी डेपोमागच्या मोकळ्या जागेत हा प्रकार रोज चाले. नवख्या माणसाला वाटायचं, गाडीची अंत्ययात्रा निघाली आहे. शंभर पावलं झाली की आप्पा थांबत आणि सांगत, पुढच्या उजव्या चाकाचा रबरी बुश गेलाय, नाहीतर मागचा शॉकअप बसलाय. चुकल्याचं मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही.

ही रीत त्यांच्या घरातूनच आली होती. त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आप्पा म्हणत, "बा कळपाच्या मागनं चालायचा. पुढनं समदी मेंढरं सारखीच. कुठलं पाय टाकताना कचरतंय त्ये मागनंच दिसतंय." वडील दुखऱ्या मेंढराच्या पाठीवर गेरू लावून ठेवत. आप्पांच्या खिशातही काड्यापेटीत गेरूचा खडा असे. गाडीखाली झोपून दुखणं सापडलं, की तिथं थुंकीनं ओला करून तो ओढायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "खूण केलीया. आता त्ये दुखणं म्हणू शकत न्हाई, मी इथं नव्हतो."

तिसरी गोष्ट त्यांचा उजवा तळहात. टायरवरून तो एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवायचा. एका बाजूनं रबर गुळगुळीत लागलं आणि उलट्या बाजूनं कुसळासारखं टोचलं, तर चाक सरळ चालत नाही, थोडं घासत चालतंय, असं समजायचं. मला त्यांनी कितीदा तरी हात लावायला लावला. "काय लागतंय?" "काही नाही." "कसं लागंल? तुमच्या हाताला फकस्त भाव लागतो."

ते खोटं नव्हतं. मी सातवी झाल्यावर हायवेवर ट्रक धुतले, मग जुन्या स्कूटर विकल्या, मग जुन्या चारचाकी. कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवयही लागली नाही. सौद्यात समोरचा थकेपर्यंत बोलायचं आणि तो थकला की आवाज चढवायचा, एवढीच माझी विद्या. पण घेतलेली प्रत्येक गाडी मी आधी आप्पांच्या पुढून चालवून न्यायचो.

मग एक स्पोर्ट्स कार आली. जुनी, लाल, दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. पुण्यातल्या एका बंगल्यात ताडपत्रीखाली पडून होती. चाळिसापर्यंत ती गरीब गाईसारखी चालायची. साठाच्या पुढे ब्रेक दाबला की घराकडे ओढणाऱ्या बैलासारखी डावीकडे ओढ घ्यायची. वळणावर स्टेअरिंग सोडलं तर जागेवर परत येत नसे. मी स्टेअरिंगच्या टाय रॉडची टोकं बदलली, बॉल जॉइंट बदलले, पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. ओढ तशीच. दुखणं पुढं आहे हे मलाच कळलंय, अशा गुर्मीत ही आप्पांकडे आधी नेली नव्हती; शेवटी नेली.

आप्पा तिच्या मागून चालले, पण या खेपेला तेवढ्यावर भागलं नाही. बादली आणून त्यांनी आपल्या गॅरेजपुढच्या फरशीवर पाणी मारलं आणि त्या ओल्यावरून गाडी सरळ पुढं काढायला लावली. कोरड्या फरशीवर चाकांचे ओले माग उठले. सरळ चालणाऱ्या गाडीचे दोनच माग उठायला हवेत, कारण मागची चाकं पुढच्यांच्या वाटेनंच येतात. इथं चार दिसत होते.

"खेकड्यावानी चालतीया," आप्पा म्हणाले. "दुखणं मागच्या डाव्या पायात, आन् तुमी औषध पाजताय पुढच्याला."

जॅकवर घेऊन ते खाली शिरले. मागच्या चाकाचा दांडा जिथं बॉडीला धरतो, तिथं जाड रंगाखाली त्यांच्या बोटांना जुनं वेल्डिंग लागलं. गेरूची खूण करून बाहेर आले. "कवातरी मोडून जोडलीया. जोड वरवरचा हाय. समदं उघडून नीट करा, मगच विका." मी म्हणालो, "बघू." गिऱ्हाईक तयार होतं आणि या कामाला दोन महिने गेले असते.

त्याच दिवशी हात पुसताना ते हळूच म्हणाले, "तुमाला म्हणून सांगतो. ह्या दोन बोटांना मुंग्या येत्यात. अजून कळतंय समदं, पण कुनापाशी बोलू नका. लोक लगेच म्हणत्यात, मिस्त्री संपला."

गिऱ्हाईक भांडगावचं होतं. फुलांची शेती करणारा तरुण, लहानपणी हायवेवर अशी गाडी पाहिल्यापासून ध्यास घेतलेला. इसार घेऊनच आला होता. गाडीवरून त्याची नजर हलत नव्हती. पण घरून निघताना त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो म्हणाला, "शेठ, तेवढं आप्पांना एकदा दाखवू." नाही म्हणायला तोंड नव्हतं. वाटलं, पंधरा वर्षांचा संबंध आहे, म्हातारा समजून घेईल.

आप्पा नेहमीसारखे मागून चालले. परत आले आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "दादा, आज ही घेऊ नका. हिचा मागचा पाय मोडून जोडलेला हाय. नीट केल्यावर खुशाल घ्या."

चहाच्या टपरीवर चार माणसं बसली होती, रोजचीच, गाड्यांच्या धंद्यातली. त्यांच्यासमोर मी सुटलो. "आप्पा, तुमचा हात गेला! ह्यांची दोन बोटं बधिर झालीत, विचारा ह्यांनाच! बधिर बोटांनी कसलं निदान करता? गप घरी बसा!"

आप्पांनी आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग तो हात खिशात घातला. एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक तुमचं व्हतं, शेठ. पर गाडीत बसणार त्यो व्हता."

पंधरा वर्षं ते मला नावानं हाक मारायचे. शेठ पहिल्यांदाच म्हणाले.

तरुण इसार न देताच परत गेला. मी तेवढ्यावर थांबलो नाही. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये जाऊन पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटचे आकडे मशीनवर जुळवून घेतले. मागची चाकं तपासा असं मी त्यांना सांगितलं नाही, आणि ते का सांगितलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठीक, आलेला कागद घेऊन मी शिरूरभर फिरलो. "मशीन म्हणतंय गाडी सरळ आहे, आप्पा म्हणतात वाकडी. आता तुम्हीच ठरवा." लोकांनी ठरवलं. डेपोमागे उभ्या राहणाऱ्या गाड्या आधी कमी झाल्या, मग थांबल्या. दिवाळीनंतर आप्पांचं शटर उघडलंच नाही. ते दौंडला लेकीकडे गेले, असं ऐकलं.

पुढे एका सकाळी मी त्याच, अजून न खपलेल्या लाल गाडीतून चौफुल्याकडे निघालो होतो. न्हावऱ्याच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. ब्रेक दाबला, मागून काठी मोडल्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला लागला. थांबलो तेव्हा मी कांद्याच्या वावरात होतो आणि तोंड शिरूरकडे होतं. खांद्याला मुका मार लागला, बाकी काही नाही. क्रेननं गाडी उचलली तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. मातीच्या थराखाली गेरूची रेघ अजून होती. भेग तिच्या मधोमध गेली होती.

शेजारची रिकामी सीट बघून मला भांडगावचा तो तरुण आठवला. त्याच्या बायकोलाही या गाडीत बसायची हौस होती, असं तो म्हणाला होता.

तरी दौंडला जायला मला चार महिने लागले. खरं सांगतो, त्या चार महिन्यांत मी माझा राग जपत होतो. मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का? चारचौघांत कशाला? आणि दर वेळी आठवायचं की बाजूला घेऊन त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी "बघू" म्हणालो होतो.

आप्पा लेकीच्या अंगणात खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर पालथा, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा.

"गाडी मोडली, आप्पा. तुमच्या खुणेवरच."

"तुमाला लागलं न्हाई ना?"

"नाही." मग जे घोकत आलो होतो ते बोललो. चुकलो, माफ करा, तुमचा हात गेला नव्हता.

"ह्ये मला कशाला सांगताय?" आप्पा म्हणाले. "मला ठावं व्हतं की. ज्यांना सांगितलं व्हतं, त्यांना सांगा."

मी खाली मान घालून उठलो. ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. माझी नवी जीप बाहेर उभी होती. सवयीनं ते टायरशी वाकले, तळहात फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. "आता खरंच गेला बघा," असं म्हणून हसले. मग डाव्या हातानं माझं मनगट धरून माझा तळहात टायरवर ठेवला. बाहेरून आत, आतून बाहेर. "काय लागतंय?"

"आतून बाहेर येताना टोचतंय, आप्पा."

"मग? पंधरा वरसं कुठं व्हता ह्यो हात?"

परत येऊन मी टपरीवर गेलो. तीच चार माणसं होती. उभं राहून सगळं सांगितलं, मुद्दाम न तपासलेली मागची चाकंसुद्धा. मग त्यातला एक म्हणाला, "आम्हाला ठावं व्हतं, शेठ. आप्पांचं कवा चुकलंय? पर तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

म्हणजे माझ्या कागदावर कुणाचा विश्वासच बसला नव्हता. माझ्या तोंडाला भिऊन त्यांनी एका माणसाचं दुकान बंद होऊ दिलं होतं. हे आप्पांना सांगायला पुन्हा दौंडला जायचं ठरवत होतो, तोवर त्यांच्या लेकीचा फोन आला, आप्पा गेले.

आता मी गाडी घेतो तेव्हा तिला पुढं काढायला लावतो आणि चपला काढून मागून चालतो. लोक हसतात. टायरवरून हात फिरवतो. काही टोचलं, तर गिऱ्हाइकासमोर, टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. सौदे मोडतात. मग माझं डोकं फिरतं, आणि दिवसभर राग येतो. आप्पांचाच.