नोराच्या मुठीतलं हिरवं बटण

हे इथे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. तुम्ही या पेजवर पाठवलेले भुताखेतांचे अनुभव मी ट्रेनमध्ये वाचते आणि बहुतेक वेळा हसते. नागपूरच्या बौद्ध घरात वाढले मी. आमच्याकडे देव्हारा नव्हता, तर भुताला जागा कुठून असणार? अंगात आलेल्या बाईला माझ्या आईने भर चौकात दोन प्रश्न विचारून गप्प बसवलेलं मी पाहिलंय. तेव्हा मला भित्री समजू नका... जे झालं तेवढंच सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये, रीडिंग गावात राहतो. मी जवळच्याच ब्रॅकनेलच्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्यासाठी दिवसभर खोटी माणसं बनवते – खोटी नावं, खोटे पत्ते, खोटी आजारपणं. ही माणसं चुकून खऱ्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या माहितीत मी कुठेतरी 'हिरवं बटण' असं टाकते. काम झालं की तेवढं शोधायचं आणि सगळी पुसून टाकायची. अकरा वर्षांची सवय आहे, हात आपोआप चालतो.

शेजारी मॉरीन राहायची. वय एक्याऐंशी, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगाही गेलेला. तिचे खापरपणजोबा मायकेल आयर्लंडमधल्या एका जुन्या दुष्काळात आठ वर्षांच्या बहिणीला, नोराला, घेऊन जहाजाने अमेरिकेला गेले होते. बारा वर्षांनी ते एकटेच परतले आणि इंग्लंडमध्ये राहिले. नोराचं तिकडे चांगल्या घरात लग्न झालं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मॉरीनला त्या नोराचे वंशज शोधायचे होते. "माझ्या रक्ताचं कुणीतरी एक असेलच ना, लव्ह? मला फक्त एकदा फोनवर बोलायचंय," म्हणायची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. तिच्याकडे वेळ फार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

मी हौसेने एका वेबसाइटवर जुनी रजिस्टरं टाइप करून देते. कुठलंही एक पान स्क्रीनवर येतं, ते दोन माणसं वेगवेगळं उतरवतात आणि दोन्ही जुळलं तर पक्कं धरतात. हे मी एकदा मॉरीनला बोलून बसले आणि काम गळ्यात पडलं. वर्षभर दर रविवारी दुपारी चहा आणि नोरा! जहाजाच्या यादीत दोघं सापडली. पुढे मायकेल दिसायचा, नोरा नाही. त्या काळच्या अमेरिकन शिरगणतीत नाव फक्त घरातल्या कर्त्याचं, बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे.

"अगं, नॉट फाउंड म्हणून सांगून टाक ना तिला," मिलिंद, माझा नवरा, वैतागायचा. "आपला वीकेंड म्हणून काही आहे की नाही?"

एका रविवारी मॉरीनने विचारलं, तुमच्याकडे किती पिढ्यांची नावं आहेत? मी म्हटलं, आजोबांच्या वडिलांचंसुद्धा नाव माहीत नाही. आमच्या लोकांची नावं लिहून ठेवावीत असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. तर ही म्हणाली, "मग कुणी हरवणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं."

सहज म्हणाली असेल. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि डोळे मिटून न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर बोट ठेवलं. ज्या गावावर पडलं, तिथल्या गरिबांच्या आश्रमाची नोंद म्हणून एका कोऱ्या फाइलमध्ये टाइप केलं: 'नोरा, वय नऊ, आयरिश. भावाने आणून सोडलं. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला, आला नाही. तेरा दिवस फाटकाशी बसून. अन्न घेतलं नाही. मृत. मुठीत हिरवं बटण.'

पाच मिनिटं लागली. पुढच्या रविवारी तिला ते वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते.

"तेरा दिवस?" तिने विचारलं.

"हो."

तिने टेबलावरचा मायकेलचा म्हातारपणीचा फोटो उचलून पालथा ठेवला. रडली नाही. दहा दिवसांनी कळलं की तिने डायलिसिस बंद करायला सांगितलंय. मी धावत गेले, तर म्हणाली, "आता कुणाला फोन करायचाय?"

घरी येऊन मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जाऊन सॉरी म्हण." मी निघणारच होते. धीर होईना म्हणून दहा मिनिटं ती वेबसाइट उघडून बसले. पहिलंच पान आलं... तेच गाव, तोच आश्रम. तपकिरी शाई, तिरकं अक्षर. चौथ्या ओळीत नोरा. वय नऊ. भाऊ, संध्याकाळ, फाटक, तेरा दिवस. आणि हिरवं बटण!

मिलिंदने ते मोठ्याने वाचलं. "तू आधी कुठेतरी वाचलं असशील, सबकॉन्शसली," तो म्हणाला. पण पानाखाली लिहिलं होतं की ही रजिस्टरं नुकतीच एका तळघरात सापडली आणि त्याच आठवड्यात स्कॅन झाली. मी ओळ उतरवून पाठवली. दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाने उतरवलेल्या ओळीशी ती अक्षरन् अक्षर जुळली. म्हणजे भास नव्हता.

तरीही मी मॉरीनकडे गेले. ते पान कुठूनही आलेलं असो, तिला वाचून दाखवलेलं मी माझ्या मनाने लिहिलं होतं, एवढं तरी खरं होतं. पलंगाशी बसून सांगितलं, "मॉरीन, ते सगळं खोटं होतं. मी रागावले होते, म्हणून रचलं. तुम्ही पुन्हा ट्रीटमेंट सुरू करा, आपण पुन्हा शोधू."

तिने माझा हात हातात घेतला. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतेस होय?" ती हसली. "असली गोष्ट कुणी मनाने रचेल का? गुणी मुलगी आहेस तू." मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. ती माझा हात थोपटत राहिली. चार दिवसांनी गेली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ते पान अजून वेबसाइटवर आहे, मी अधूनमधून उघडून बघते. बटण कुठून आलं, हा विचार आता मी करत नाही. वेगळाच विचार छळतो. मी लिहीपर्यंत नोराचं कुठेही काहीच नव्हतं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ती चांगल्या घरात नांदत होती, कदाचित खरंच नांदत असेल... तिला त्या फाटकाशी भावाने नेऊन बसवलं की मी, तेवढं मला कुणीतरी सांगा.