दोन तुकड्यांची चाके

दादाचा ट्रक भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली जाऊ नये, एवढ्या एका गोष्टीपायी मी सेवानिवृत्तीनंतरचा बराच काळ चाकांच्या मापांत घालवला. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षे. दिवाणी न्यायालयात कारकुनी करून घरी बसलेल्या माणसाने रिमची रुंदी मोजत फिरावे, यात मला स्वतःला काही विनोदी वाटत नसे. पेणमध्ये मात्र पुष्कळांना वाटे.

ट्रक दुसऱ्या महायुद्धातला, परदेशी बनावटीचा. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या अशा वाहनांना आमच्याकडे ‘डिस्पोजलचा ट्रक’ म्हणत. पेणच्या एका व्यापाऱ्याने तो मिठाच्या वाहतुकीसाठी घेतला, माझा थोरला भाऊ त्यावर ड्रायव्हर झाला, आणि व्यापाऱ्याने धंदा गुंडाळला तेव्हा ट्रक दादाकडेच राहिला. रामवाडीत आमच्या आवारात तो उभा असे. दादा थकला, तरी रोज सकाळी त्याच्याभोवती एक फेरी मारी. आता पुतण्यांना त्या जागेवर गाळे बांधायचे होते. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती; त्यानंतर भंगारवाला येणार होता.

पुण्याचे एक निवृत्त लष्करी अधिकारी जुनी लष्करी वाहने पूर्ववत करून चालती ठेवत. त्यांनी येऊन ट्रक पाहिला, इंजिनावर हात फिरवला आणि एकच अट घातली: चाके मूळ नमुन्याची हवीत. आमची चाके साध्या मालट्रकची होती. मधल्या भागाची कापाकापी करून कोणा वेल्डिंगवाल्याने ती या ट्रकला बसवलेली.

“ही चाकं कधी बदललीस?” मी दादाला विचारले.

“लय वर्सं झाली.”

“आणि मूळची कशी होती?”

“गोल होती,” दादा म्हणाला, आणि आत निघून गेला.

मी मग माझ्या पद्धतीने गेलो. वाहन नोंदणीच्या कार्यालयाला लिहिले, लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकला लिहिले, परदेशातल्या जुन्या वाहनांच्या एका मंडळाला लिहिले. परदेशातून उत्तर आधी आले आणि आमच्या जिल्ह्यातून आलेच नाही, याबद्दल मी जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्र पत्र लिहिले. गॅरेजवाल्यांचा तर मला उबग आला होता. “सगळी सारखीच असतात, साहेब,” हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकले की ते फौजदारी गुन्ह्यात जमा व्हावे असे वाटू लागले.

चाके सारखी नसतात. टायरवरचा आकडा जुळला म्हणजे चाक जुळले, असे होत नाही. ज्या स्टडवर, म्हणजे आट्यांच्या खुंट्यांवर, चाक बसते त्यांच्यात समोरासमोरचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजावे लागते, आणि चाकाची मधली तबकडी रिमच्या मध्यापासून किती आत दबलेली आहे हेही पाहावे लागते, नाहीतर टायर आत घासतो. इतके सगळे जुळूनही आमचे चाक चुकीचे ठरत होते, कारण मूळचे चाक अखंड रिमचे नव्हतेच. दोन खोलगट थाळ्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात, तसे ते दोन तुकड्यांचे होते. बाहेरच्या गोलातले नट हे दोन तुकडे एकमेकांशी जखडून ठेवत आणि आतल्या गोलातले नट चाक गाडीला धरून ठेवत. परदेशी पत्रातले हे वर्णन मी दादाला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “हायत तीच असू दे. नायतर जाऊ दे भंगारात.”

रोज सकाळी ज्याच्याभोवती फिरतो तोच ट्रक भंगारात जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग आला. मी त्याला हेकट म्हणालो. तो मला वकीलसाहेब म्हणाला. घरात हीच आमची जुनी भांडणाची रीत.

रोह्याच्या एका भंगारवाल्याने पूर्वी मला दोनदा चुकीची चाके पाठवली होती आणि दोन्ही वेळा मी त्याला रीतसर नोटीस दिली होती. दिवाळी जवळ आली असताना त्याचाच निरोप आला की या खेपेस माल खरा आहे, येऊन बघून घ्या. दादा म्हणाला, मीपण येतो. मला नवल वाटले. एसटीत तो खिडकीशी बसला होता. वाटेत खांब गाव आले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटले, झोप लागली असावी.

“या, या, नोटीसवाले काका!” भंगारवाला ओरडला. “अरे, चांगली खुर्ची द्या त्यांना, नायतर खुर्चीची पण नोटीस येईल.”

“मापं जुळली नाहीत तर येईलच,” मी म्हणालो.

चाके टायरसकट भिंतीला टेकून ठेवली होती. सर्वांगी गंज, रंगाचा मागमूस नाही. मी माझी टेप काढली. स्टडच्या भोकांचे अंतर जुळले. तबकडीची खोली जुळली. मी पुन्हा मोजले आणि ते पुन्हा जुळले. इतक्या पत्रव्यवहारानंतर काहीतरी जसे असायला हवे तसे समोर होते, आणि आनंद करायचेही त्राण माझ्यात उरले नव्हते.

“आतून पण बघा, असली माल हाय,” भंगारवाला म्हणाला. “खोलूनच दाखवतो.” त्याने एक चाक आडवे पाडले, त्यावर ओणवा झाला आणि बाहेरच्या गोलातल्या एका नटाला पाना लावला.

“पाना काढ!”

दादाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “काढ म्हनतो ना! हवा हाय त्यात!”

“काय चाचा, घाबरवता राव. हवा कुठली? कवाचा पडून हाय माल.”

दादा गुडघ्यांवर हात देत वाकला, जमिनीवरचा एक खिळा उचलला आणि त्याने व्हॉल्व्हची पिन दाबली. हवा सुटली. ती पुष्कळ वेळ सुटत राहिली. भंगारवाला पाना हातात धरून उभा होता.

समोरच्या टपरीवर चहा घेताना दादा बोलला.

“भायेरचे नट लाल असायचे. पयल्यापासून लाल. हवा असताना त्यांना हात लावायचा नाय म्हनून.”

“मग?”

“एका दसऱ्याला मी गाडी रंगवली. चाकांना चंदेरी. अशी चमकली का लोक थांबून बघायचे. त्यात ते लाल नट वायट दिसत होते. त्यांच्यावर पन मारला हात.”

त्याने चहाचा एक घोट घेतला.

“क्लीनर नवा होता. खांबच्या फुडं चाक बसाया लागलं. म्हटलं, तू काढ, तवर मी बिडी वढतो. त्याला काय कळनार कुठला नट कशाचा? सगळेच चंदेरी. हवा अर्धी होतीच आत.” दादाने कप खाली ठेवला. “तुकडा छातीवर आला त्याच्या.”

क्लीनर रस्त्यातच गेला, हे आम्हाला माहीत होते. “तू तर जॅक सरकला म्हणून सांगितलंस.”

“व्हय.”

“पंचनाम्यातही तेच आहे.”

“मग पाठव आता नोटीस, वकीलसाहेब.”

खोट्या जबाबाबद्दल कोणते कलम लागते हे मला पाठ होते. साऱ्या हयातीत मी ते इतरांना ऐकवत आलो होतो. त्या टपरीवर मला एवढेच दिसले की माझा भाऊ फार म्हातारा झाला आहे.

“चाकं सोडून देऊ,” मी म्हणालो.

“नको. घे. नायतर ह्यो दुसऱ्या कुनाला इकंल. गाडी जाऊ दे पुण्याला. पन त्या फौजीला सांग.”

ट्रक पुण्याला गेला तो जुन्याच चाकांवर, दुसऱ्या मोठ्या गाडीवर चढून. खरी चाके मागे हौद्यात, हवा पूर्ण काढलेली. न्यायला आलेल्या ड्रायव्हरला दादाने बाहेरच्या नटांवर एकेक करून बोट ठेवून सगळे सांगितले. तो “हो काका, हो काका” म्हणत दोरखंड आवळत राहिला. म्हणून मी त्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले, कारणासह. फक्त क्लीनरच्या जागी ‘एक इसम’ असे लिहिले.

त्यांचे उत्तर अत्यंत सभ्य होते. ट्रक उत्तम आहे, चाके अगदी बरोबर आहेत, आणि प्रदर्शनासाठी ती नटांसकट मूळच्या हिरव्या रंगात एकसारखी रंगवण्यात येतील, तरी बारकाव्यांविषयी निश्चिंत असावे.

मी निश्चिंत झालो नाही. मूळच्या नमुन्यात ते नट लाल होते, तेव्हा हिरवा रंग हीच नमुन्याशी तडजोड आहे, असे मी पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने कळवले. मग आणखी एकदा कळवले. ट्रक गेल्यामुळे आवार उघडे पडले होते. पाया खणायचे काम सुरू झाले होते. दादा ओटीवर बसून पोस्टमनची वाट बघे.

“काय म्हनला?”

“काही नाही अजून.”

“पावती आली?”

“आली.”

“म्हंजे वाचलं असंल.”

“वाचलं असेल असं कायदा गृहीत धरतो.”

“कायदा ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं?”

मी नवा कागद घेतला आणि मायना, संदर्भ, मागील पत्राचा उल्लेख, यातले काहीच न लिहिता पहिल्या ओळीत लिहिले: बाहेरचे नट लाल हवेत.

दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला वाचता फारसे येत नसे.

“मोठ्या अक्षरात लिही,” तो म्हणाला.