भाचीच्या लग्नात उतरवलेला मांडव

बाहेरचे त्याला मांडववाला म्हणत, घरचे मामा. अठ्ठावीस वर्षं तो लोकांच्या लग्नांवर छप्पर धरत आला होता. ताडपत्रीत पाणी कुठे साचेल, ते खालून बांबूनं कसं ढकलायचं, खुर्च्यांचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून फळ्या कुठे टाकायच्या, सगळं त्याला तोंडपाठ. त्यामुळे थोरल्या बहिणीच्या लेकीचं लग्न शाळेमागच्या मैदानावर ठरलं, तेव्हा ताई निर्धास्त होती. "हवामानाचं तू बघ," ती म्हणाली, जणू हवामान त्याच्या गोदामातच पडलेलं असावं.

आठ दिवस तो फोनमधला अंदाज बघत होता. सकाळी ऊन दिसायचं, दुपारी ढग, रात्री पुन्हा भलतंच. शेवटी त्यानं सगळ्याचीच तयारी केली. कडेनं चर खणले, खुंट्या दीड हात खोल ठोकल्या, वर दुहेरी ताडपत्री ताणली.

लग्न बाराला होतं. दहाच्या सुमारास वारा फिरला. मामानं मधल्या खांबाला तळहात लावला. खांब आतून थरथरत होता. पावसाला तो घाबरत नव्हता. पण ताणलेली ताडपत्री वारा पोटात घेते आणि खांबासकट उचलते. नऊ वर्षांपूर्वी असाच एक खांब निसटून त्याच्या जोडीदाराच्या कमरेवर आला होता. तो अजून काठी घेऊन चालतो.

"ताई, वरचं छत उतरवतो."

ताई फुलांची टोपली घेऊन चालली होती, ती थबकली. "पाहुणे फाटकापाशी आलेत आणि तू छप्पर काढतोस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वारा वाढला तर आवरणार नाही. खाली दोनशे माणसं असतील."

"आणि नाही वाढला तर?"

त्यानं माणसांना खूण केली. अर्ध्या तासात ताडपत्री खाली आली.

वारा वाढला नाही. उलट साडेअकराच्या सुमारास असा पडला, की पान हलेना. पावणेबाराला पाऊस आला, सरळ, संथ. असला पाऊस त्याच्या मांडवानं सहज झेलला असता. पुन्हा ताडपत्री चढवायला वेळ नव्हता. माणसं शाळेच्या व्हरांड्यात पळाली. पाण्याची टाकी आणि सूचनाफलक यांच्यामधल्या जागेत लग्न लागलं. निम्म्या पाहुण्यांना नुसत्या पाठी दिसल्या. नवऱ्या मुलाचे काका रुमालानं डोकं पुसत म्हणाले, "मांडव सांगायचा राहिला वाटतं." आजूबाजूचे हसले.

मामाला जोडीदाराची गोष्ट सांगावीशी वाटली. पण ओठांपर्यंत येता येता ती त्यालाच सबबीसारखी वाटू लागली. तो भिजलेल्या ताडपत्रीची घडी घालू लागला.

भाची ओला पदर सावरत आली. "मामा, जेवलास का?"

"हो," तो म्हणाला. जेवला नव्हता.

ताईनं बोलणं टाकलं नाही. फक्त त्या दिवसाचा विषय निघाला की उठून आत जायची. वारा खरंच वाढला असता का, हे तिला कळायचा मार्ग नव्हता आणि त्यालाही.

पुढच्या लग्नांत खांब थरथरला की तो यजमानांना बोलावू लागला. "उतरवू का? तुम्हीच सांगा."

यजमान वर बघत, मग त्याच्याकडे. "अहो, आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणाल तसं."