साडूंनी पाहिलेलं जेट इंजिन

जेट विमानाचं इंजिन कसं बनवतात हे सबंध वसमत तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस माझा साडू असल्यामुळे ते मलाही आठवड्यातून तीन-चारदा ठाऊक करून घ्यावं लागे. वास्तविक साडूंनी विमान जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या आभाळातून एखादं गेलंच तर खाली फक्त पांढरी रेघ दिसायची आणि तीही बघायला वर पाहीपर्यंत पुसट व्हायची. त्यांचा धंदा विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचा. मोंढ्याच्या, म्हणजे बाजार-आवाराच्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. माणूस एरवी अबोल, हात काळे, आणि कान असे तयार की रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलच्या आवाजावरून तिला काय दुखतं ते जेवता जेवता सांगायचे. अशा माणसाला बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी पुण्याला जायची बुद्धी झाली. निमित्त इंजिनाच्या रिंगा आणण्याचं होतं. मुक्काम चुलतभावाकडे होता आणि चुलतभावाच्या शेजारी टीव्ही होता.

त्या संध्याकाळी टीव्हीवर विमानाची इंजिनं कशी घडवतात याचा एक माहितीपट लागला. सगळा इंग्रजीतून, म्हणजे कळायचं ते चित्रांवरूनच. शेजारपाजारची पोरं पाच मिनिटांत कंटाळून उठून गेली, मोठी माणसं जेवायला गेली, आणि साडू एकटेच मांडीवर टोपी ठेवून सतरंजीवर बसून राहिले. घरधनीण टीव्ही बंद करायला आली तेव्हा त्यांनी म्हणे हात जोडले. "बाई, त्येंचं अजून पातं बसायचं हाय. एवढं बसू द्या." बाईंनी बिचारीने बसू दिलं. दुसऱ्या दिवशी साडू परतीच्या गाडीत बसले आणि ज्या रिंगा आणायला गेले होते त्या पुण्यालाच विसरून आले.

वसमतला उतरल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर शिंप्याकडे जाऊन पांढरा कोट शिवायला टाकला. विमानाच्या कारखान्यात सगळे पांढरे कोट घालतात. आता वसमत म्हणजे हळदीचा बाजार. मोंढ्यात हळदीचे ढीग पडले की वाराच पिवळा वाहतो. आठ दिवसांत तो कोट असा झाला की दुकानाशी थांबून लोक विचारू लागले, "मिस्त्री, लग्न कवा हाय?" साडूंनी मग कोट दोन केले. एक अंगावर, एक दोरीवर. माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या आक्का, रोज एक धुवायच्या आणि धुताना टीव्ही शोधून काढणाऱ्याचा उद्धार करायच्या.

कोटाच्या मागोमाग नियम आले. दुकानात चपला घालून यायचं नाही, पाय धुऊन यायचं. तंबाखू बाहेर थुंकून यायचं. इंजिन उघडं असताना जवळ उभं राहून शिंकायचं नाही. पावशेर माती तळव्याला घेऊन आलेले शेतकरी उंबऱ्याशी थबकायचे. एकाने विचारलंसुद्धा, "इंजन हाय का देव हाय, मिस्त्री?" साडू म्हणाले, "पाय धुतले का?" त्यांच्यापुरतं ते उत्तर होतं.

त्या माहितीपटात म्हणे हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याचा आकार कोरलेला असतो. काम संपलं की पाने जागेवर ठेवायचे. एक जरी खाच रिकामी दिसली तरी इंजिन पुन्हा उघडायचं, कारण पाना आत राहिला तर विमान गेलं. साडूंनी भिंतीवर खडूने सगळ्या पान्यांची चित्रं काढली आणि प्रत्येक चित्राखाली खिळा ठोकला. एकदा मी गेलो तर एकोणीस नंबरच्या चित्रावर पाना नव्हता. साडूंनी पूर्ण जोडलेलं, चालवून पाहिलेलं, बैलगाडीत चढवलेलं इंजिन खाली उतरवलं, उघडलं, पुन्हा जोडलं, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा उघडलं. गाडीवाल्याने बैल सोडून दिले. तेवढ्यात दुकानाला लागून असलेल्या घरातून आक्कांची हाक आली. गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर एकोणीस नंबर ठेवला होता. "विमान पडलं असतं," साडू गंभीरपणे म्हणाले. "कोणाचं विमान?" आक्कांनी गच्चीवरून विचारलं. "ह्येच्या भुईमुगाला पाणी द्यायचं इंजन हाय ते!"

पण सगळ्यावर ताण केली ती कोंबड्यांनी. साडू सांगायचे की जेट इंजिन तयार झालं की ते सुरू करतात, समोर तोफ मांडतात, आणि तोफेतून मेलेल्या कोंबड्या त्यावर सोडतात. उडताना पाखरू आत शिरलं तर इंजिन टिकतं का, हे पाहायला. ही गोष्ट वसमतमध्ये एकाही माणसाला पटली नाही. मी शाळामास्तर असून मलाही पटली नाही, पुढे कधीतरी वर्तमानपत्रात वाचून मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. आक्कांचं म्हणणं एवढंच होतं की कोंबडी खायची सोडून इंजिनाला घालणाऱ्या लोकांकडून काही शिकू नये. साडूंनी मात्र मनावर घेतलं. पिठाच्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करून दिलं त्या दिवशी ते पिशवी घेऊन गेले. पिशवीत काटेरी वांगी होती. इंजिन ऐन वेगात आल्यावर त्यांनी गिरणीवाल्याला मागे सरायला सांगितलं आणि चार हातांवरून मोठ्या चाकावर वांगं फेकलं. इंजिनाला काही झालं नाही. वांग्याचं जे झालं ते दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्या अंगावर झालं. दुसरं वांगं चाकाच्या आऱ्याला लागून थेट एका म्हातारीच्या डब्यात गेलं. "बाबा," ती कळवळून म्हणाली, "माज्या पिठाचं भरीत काहून करून राहिला?" साडूंनी तिसरं वांगं तिला नम्रपणे देऊन टाकलं आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "इंजन पास हाय."

हसायला हे सगळं ठीक होतं, पण दुकान ओस पडायला लागलं. ज्या कामाला पूर्वी एक दिवस लागे त्याला आता आठवडा लागायचा. याच सुमारास एसटी स्टँडजवळ दुसऱ्या एका मिस्त्रीने दुकान काढलं. तो चहा पाजायचा आणि चहा संपेपर्यंत इंजिन सुरू करून द्यायचा. साडू भिंतीवरच्या पान्यांकडे बघत बसायचे, आणि आक्का त्यांच्याकडे.

ऐन मे महिन्यात डोंगरकडा गावचा एक केळीच्या बागेवाला गाडीत इंजिन घालून आला. साडूंनी चाक हाताने फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "सहा दिवस."

"सहा दिवसांत माज्या केळी वाळून जातेत, मिस्त्री!"

"बेअरिंग बोलून राहिलं आत. पाच मिनिटांत चालू करून देतो, पण ते धोका देईल."

केळीवाला चिडून स्टँडजवळ गेला आणि चहा पिऊन, इंजिन घेऊन गावी गेला. चौथ्या दिवशी सकाळी तो एकटाच परत आला. उंबऱ्याशी चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि तसाच ओल्या पायांनी उभा राहिला. इंजिन विहिरीत, खालच्या ओट्यावर, भर चालताना अडकून बसलं होतं.

साडूंनी कोट घातला. शाळेला सुट्टी होती म्हणून मी निघालो, आणि नवरा महिन्याच्या आत परत यावा म्हणून आक्काही निघाल्या. विहिरीकाठच्या लिंबाखाली आक्कांची चादर अंथरली गेली आणि तिच्यावर इंजिनाचा एकेक भाग ओळीने मांडला गेला. केळीवाल्याच्या घरची सगळी माणसं घागरींनी झाडांना पाणी घालत होती. दर फेरीला तो वरून डोकवायचा, "झालं का, मिस्त्री?" आणि साडू खाली ओट्यावर मान वर न करता बेअरिंग घासत राहायचे. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी केळीवाल्याच्या बायकोने विचारायचं सोडून रडायलाच सुरुवात केली. मीसुद्धा खाली उतरून म्हणालो, "दाजी, आता जोडा ना." त्यांनी घासलेली कड बोटाने चाचपली, नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा घासायला घेतली.

दुपार कलताना इंजिन जोडून झालं. साडूंनी आणि मी मिळून चाक फिरवलं. ते एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि मग असं एकसुरात चालायला लागलं की पाणी भरणाऱ्यांनी घागरी खाली ठेवल्या. पाटात पाणी आलं. केळीवाला पाण्याच्या पुढे पुढे केळीत धावत गेला. आम्ही काठावर बसलो.

बऱ्याच वेळाने आक्का म्हणाल्या, "अहो, काय होतं हो त्या टीव्हीत?" इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

साडूंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता कोंबड्या येणार. पण ते म्हणाले, "एक म्हातारा मिस्त्री होता त्येच्यात. माज्याच वयाचा. सगळा दिवस एकच पातं घासून राहिला होता. उजेडात धरायचा, बघायचा, पुन्हा घासायचा. भवताली एवढी माणसं, पण कोणी त्याला घाई कर म्हणलं न्हाई. अन् काम झाल्यावर टायवाला साहेब आला, कागद पुढं केला, अन् त्या मिस्त्रीची सही घेतली. साहेबानं मिस्त्रीची सही घेतली." त्यांनी कोटाच्या टोकाने चष्मा पुसला. "त्येच्या सहीबिगर इमान हालत न्हाई म्हणे."

आक्का उठल्या. केळीवाला केळीतून परत येत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. आक्का त्याला म्हणाल्या, "दादा, घरातून एक कागद आणा. अन् लिहायला काहीतरी." त्याला काही कळलं नाही, पण त्याने लेकराच्या वहीचं पान फाडून आणलं, पेन्सिल आणली. मी लिहिलं, 'इंजिन तपासलं. बरोबर आहे.' आणि कागद साडूंपुढे धरला.

साडूंनी पाटाशी जाऊन आधी हात धुतले, कोटाला पुसले. मग मांडीवर कागद ठेवून एकेक अक्षर काढायला बसले. बराच वेळ लागला. आम्ही सगळे तिथे उभे होतो.