बॅटरीची पाळी

लढाईच्या दिवसांत आमच्या देऊळघाटच्या चावडीवर सरकारी रेडिओ आला. तो बॅटरीवर चाले, आणि बॅटरी उतरली की भरून आणायला बुलढाण्याला न्यावी लागे. गावानं ठरवलं, भाजीच्या गाड्या बाजाराला जातातच, तर ज्याच्या घरी गाडी त्याच्या घरी पाळी. आमच्याकडे गाडी नव्हती. वडील वारलेले, माय दुसऱ्यांच्या मळ्यात निंदायला जायची. आम्हाला पाळी माफ होती.

एकदा वाटेत बॅटरीतलं तेजाब सांडून कोणाच्या तरी मेथीच्या जुड्या करपल्या. मग काय, सगळ्यांना निमित्तच सापडलं. गाणी ऐकायला चावडी भरून जायची, पुढच्या जागेसाठी भांडणं व्हायची, पण पाळी म्हटलं की प्रत्येकाचा बैल लंगडा. त्या माणसांचा मला अजून राग येतो.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. कितीतरी महिने त्याची खबर नव्हती. जानेफळचा एक शिपाई सुटीवर आला, तो मायला सांगून गेला, "मावशी, दर शुक्रवारी सांजच्याले रेडिओवर फौजेतल्या पोराइचे निरोप सांगतेत. त्यानं बी नाव देलं होतं."

बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात उतरली. माय मला घेऊन गाडीवाल्यांच्या दारोदार फिरली. एक म्हणाला, "माल भरला हाये बाई. तेजाब सांडलं त कोन भरून देईन?" दुसरा म्हणाला, "सरकारचा रेडिओ हाये, सरकार नेईन. तुले काऊन घाई?"

काऊन घाई! माय त्याच्या पाया पडली. मी तिला उठवायला गेले, तर तिनं मलाच झिडकारलं.

गुरुवारी पहाटे तिनं चुंबळ केली आणि बॅटरी डोक्यावर घेऊन बुलढाण्याची वाट धरली. शुक्रवारी दिवस मावळता परतली, तेव्हा लुगड्याला भोकं पडली होती आणि मानेवर तेजाबाचा लाल ओघळ होता. चावडी गच्च भरलेली. आम्हाला मागं, चपलांपाशी जागा मिळाली.

निरोप सुरू झाले. कुठल्या कुठल्या गावांची, कोणाकोणाची नावं आली. माय पदर तोंडात धरून ऐकत होती. नावं संपली, भावाचं आलंच नाही. ती उठायला लागली तर पुढून कोणीतरी म्हणालं, "बस ना बाई, आता गाने लागतीन."

गाणी पुढं चार-पाच दिवस वाजली. आमच्या घरापर्यंत ऐकू यायची, आणि मला कानात बोळे घालावेसे वाटायचे.

मग पुढचा शुक्रवार यायच्या आतच बॅटरी पुन्हा उतरली. कोणी जागचं हललं नाही. गुरुवारी सकाळी चावडीचा कोतवाल ती घेऊन थेट आमच्या दारात आला. म्हणाला, "बाई, गाव म्हनते, तुले त न्याच लागन."

मी त्याच्या अंगावर धावून गेले. मायनं मला मागं ओढलं.

"मांगच्या वक्ती त्याचं नाव वाचाचं राह्यलं असन," ती म्हणाली आणि खुंटीवरची चुंबळ काढली.