आईच्या कॉम्प्युटरला कळू न देता

मोहनला शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलमध्ये. बोलण्याचा त्याला शीण व्हायचा आणि त्याच्याकडे बघण्याचा मला. निघताना त्याने एवढंच विचारलं, "आईचा कॉम्प्युटर बघशील ना?" मी हो म्हटलं. चार दिवसांनी मेधावहिनींचा फोन आला… तो गेल्याचा. त्याला आता दोन महिने होतील.

इथे परदेशात, बुकित बातोकच्या एका छोट्या कंपनीत आम्ही सतरा वर्षं शेजारी बसलो. जहाजांवरचे जुने प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवून द्यायचे, हे आमचं काम. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की जुना प्रोग्रॅम अडून बसतो. मी गिऱ्हाइकाला सरळ सांगायचो, नवा घ्या आणि मोकळे व्हा. मोहनला ते पटायचं नाही. नव्या मशीनच्या पोटात तो जुन्या सिस्टीमचं हुबेहूब सोंग उभं करायचा. प्रोग्रॅमला आपण घर बदललंय हे कळताच कामा नये, असं त्याचं म्हणणं. त्याच्या या चिकाटीपायी माझी जेवणाची सुट्टी कितीदा बुडाली! जहाजांवरचे इंजिनियर मात्र त्यालाच शोधत यायचे.

तेच सोंग त्याने सांगलीला आईसाठी केलं. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, वकिलांचे अर्ज टाइप करून त्याला शिकवलेलं. जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर त्यांचा हात बसला होता आणि तो नव्या सिस्टीमवर चालेना. सुट्टीत गेलेल्या मोहनने जुन्या डब्यात गुपचूप नवं मशीन बसवलं, त्यात जुनी सिस्टीम. पडदा तोच, कीबोर्ड तोच. आईला ताकास तूर लागू दिली नाही. या वयात तिला कुठे नवं शिकवायचं, म्हणायचा. पुढे दर रविवारी दुपारी इथून इंटरनेटने जोडून तो काहीतरी नीट करत बसे, कारण काकूंची तक्रार तयारच असायची. कधी अक्षर फुटतंय, कधी कागद छापत नाही…

परवा वहिनींकडे बसून त्याच्या लॅपटॉपवरून मी सांगलीला जोडलं. मधल्या काळात अपडेट होऊन ते सोंग पार कोलमडलं होतं. तीन तास झटलो. त्याने कुठे काय जोडलंय, काही कळेना. गेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी काकूंना फोनवर सगळं सांगून टाकलं. मशीन नवंच आहे, मोहनने लपवलं होतं, आणि मला काही ते जमत नाही.

काकू म्हणाल्या, "अरे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जुना केवढा घरघरायचा, हा गप्प. नव्यावर टाइप करायला मी कधीच शिकले."

मग दर रविवारच्या तक्रारी कसल्या, मी विचारलं.

"बिघडलं नाही म्हटलं की दोन मिनिटांत फोन ठेवायचा तो."

काम संपलं की एका ओळीची नोंद लिहायची, अशी आमच्या कंपनीत पद्धत आहे. लॅपटॉप बंद करताना सांगलीच्या नावाची फाइल दिसली. आत मोहनचे सगळे रविवार होते आणि प्रत्येकापुढे तेच वाक्य… 'बिघाड नव्हता. तासभर बसलो.'

फोन अजून चालू होता. मी काकूंना एकेक रविवार वाचून दाखवला.